एका पैशाने पुढे

शैलेशच्या बोईसरच्या शेअर ऑफिसात आनंदी सकाळपासून पडद्यासमोर बसून होती. तिने आपले शेअर चौऱ्याऐंशी रुपये वीस पैशांना विकायला लावले होते. आज विकले तरच उद्या पैसे हातात येणार होते, आणि परवा नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

गिऱ्हाईक येत होतं, पण तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. कोणीतरी चौऱ्याऐंशी रुपये एकोणीस पैसे लावून पुढे घुसायचा आणि त्याचा माल जायचा. मग दुसरा यायचा.

"एक पैसा कमी करून पुढं? लाज नाय वाटत?" ती शैलेशला म्हणाली.

"काकी, आधी पाच पैशांची पायरी होती, भाव पाच-पाच पैशांनीच हलवता यायचा. पुढं जायला पाच पैसे सोडायला लागायचे, म्हणून लोक रांगेत थांबायचे. आता एक पैसा सोडला की झालं. तूपण सोड."

"आमी नाय."

दांडीच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव ती स्वतः करायची. वीस रुपयांपेक्षा कमी वाढवलेली बोली तिला ऐकूच यायची नाही. कोणी फारच रेटलं तर म्हणायची, "रुपया वाढवून पापलेट नेतोस? जा, आई वाट बघतेय घरी!" सगळे हसायचे, आणि तो मुकाट्याने वीस वाढवायचा.

त्याच हिशेबाने तिने सकाळी एकदा भाव सांगितला होता आणि दिवसभर त्यावरून हलली नव्हती.

बाजार बंद व्हायला आला. भावही उतरत चालला होता.

"आता घेणारा एकच उरलाय, एकाचाच माल घेईल," शैलेश हळू आवाजात म्हणाला. "तुझ्यापुढं विकणारा एक उभा आहे, दुपारपासून. माल तुझ्याएवढाच. त्याच्यापेक्षा एक पैसा खाली ये."

"त्यालाबी नड असंल."

"असेल."

आनंदीने घड्याळाकडे पाहिलं. मग पडद्याकडे.

"कर."

शैलेशने कळ दाबली. तिची ओळ सगळ्यांच्या वर आली आणि लगेच नाहीशी झाली.

"विकले गेले सगळे, काकी! काकांना फोन लाव."

तिने फोन हातात घेतला, लावला नाही.

"तो दुपारचा?"

"राहिला."

"त्याला कळवता येतं काय, आमचा माणूस दवाखान्यात हाय म्हणून?"

"इथं कोणाचं नाव दिसत नाही, काकी."

आनंदीने डोक्यावरून पदर घेतला, पण ती उठली नाही.