मांडुळाची पिल्लं आणि शांताक्कांचा चहा

डोळ्यांपुढं आणा बरं, प्लॅस्टिकचं एक पारदर्शक खोकं. झाकणाला बारीक भोकं, तळाला भुसभुशीत माती, कोपऱ्यात पाण्याची पसरट वाटी. आणि मातीत निम्मं अंग गाडून घेतलेली मांडुळाची पिल्लं. पेन्सिलीहून थोडी लांब, थोडी गुबगुबीत. दिसली? आता त्यांच्या डोळ्यांकडं नीट बघा. अणदूरची गौरी त्या सकाळी तेच बघत होती, आणि तिच्या हातातलं दप्तर धपकन खाली पडलं.

काल मोहरीसारखे काळे असलेले डोळे आज पांढरे झाले होते. कुणी त्यांत दूध ओतल्यासारखे.

"अक्का," ती भिंतीपलीकडं ओरडली, "पिल्लं आंधळी झाली!"

शेजारच्या शांताक्का चहाचा कप घेऊन तशाच धावल्या. खोक्यात वाकून बघितलं आणि मटकन खाली बसल्या.

"शिवा शिवा! माझ्या मिरच्यांनीच घात केला गं पोरी."

झालं होतं असं. नालीच्या खोदकामात जेसीबीचा दात लागून मांडुळाची मादी जखमी झाली. गौरीचा सोमेशमामा सर्पमित्र. वनखात्याच्या परवानगीनं, जखम भरेपर्यंत म्हणून त्यानं तिला घरी आणलं, आणि ती व्यायलीच. त्याआधी शांताक्का अंडी उबवायला आपली खुडूक कोंबडी काखेत मारून आल्या होत्या. मांडूळ अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देतं, हे ऐकून त्यांनी आधी मामाकडं संशयानं बघितलं, मग कोंबडीकडं.

पुढं मामाला शिबिरासाठी परंड्याला जावं लागलं. जाताना त्यानं बजावलं, "रोज पाणी बदल. झाकण उघडं टाकू नको. खायचं मी आल्यावर बघू. पहिला घास तुझ्यासमोरच देईन." गौरीनं लगेच अर्ध्या शाळेला हे सांगूनही टाकलं.

शांताक्कांना मात्र ते 'आल्यावर बघू' पचेना. जन्मल्यापासून पोटात काहीच नाही? त्या दुधाची वाटी घेऊन आल्या.

"साप दूध पीत न्हाय, अक्का."

"मग नजर लागली असंल. सगळी गल्ली येऊन बघून गेली की! बारक्या जिवांना लई लवकर लागती."

एवढ्यानं काय बिघडतंय, असं गौरीलाही वाटलं. अक्कांनी मीठ-मिरच्यांची मूठ खोक्यावरून उतरवली आणि तिथंच निखाऱ्यांवर टाकली. असा ठसका उठला की दोघी खोकून खोकून हैराण. "इतका ठसका? नजर असती तर उठलाच नसता. म्हंजे नजर नव्हतीच की गं," अक्का डोळे पुसत म्हणाल्या.

आणि आता हे.

मामाला फोन करायचा गौरीला धीर होईना. तो खोकं उचलून थेट वनखात्याकडं देईल. मग कसला पहिला घास!

शांताक्कांनी हातातला कप पायरीवर ठेवला. चहा पोटात गेल्याशिवाय ज्यांची सकाळ होत नाही, त्या म्हणाल्या, "ह्या लेकरांचे डोळे बरे होईपर्यंत म्या चहाला शिवणार न्हाय."

चहा सुटला आणि डोकं धरलं. कपाळाला सुंठेचा लेप लागला, वर फडकं आवळलं गेलं. अक्का दूधवाल्यावर खेकसल्या, कोंबडीशी भांडल्या. पण कपाला शिवल्या नाहीत. इकडं पिल्लं मातीत पार दडली; गौरी रोज पाणी बदलायची, पण एकाचाही डोळा दिसेना.

मामा परत आला तेव्हा गौरीनं दारातच रडत रडत सगळं सांगून टाकलं. त्यानं झाकण काढलं.

मातीवर कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ काती पडल्या होत्या. आणि पिल्लं? तांबूस, तुकतुकीत. डोळे पुन्हा मोहरीसारखे काळेभोर.

"अगं येडे," मामा हसला, "कात टाकायच्या आधी सापाचा डोळा असाच दुधाळ होतो. डोळ्यावरची कातपण निघती. धूर मात्र पुन्हा करायचा न्हाय हां! आणि पहिली कात टाकेपर्यंत ही पिल्लं काही खातच नाहीत. आईच्या पोटातनं शिदोरी घेऊनच येतात."

"म्हंजे इतके दिवस उपाशी नव्हती?"

"अजिबात न्हाय. आता मात्र भूक लागली असंल. ये, बस."

मामानं चिमट्यात उंदराचं इवलंसं मेलेलं पिल्लू धरलं. गौरी श्वास रोखून बसली. एका पिल्लानं मातीतून डोकं वर काढलं, जीभ लवलवली, ते सरकत पुढं आलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू आलं. "शिवा शिवा, काय हे डोकं!"

गौरीनं खोक्याकडं बघितलं. भिंतीकडं बघितलं.

"मामा, थांबा जरा," ती म्हणाली. "ह्यांनी एवढा दम धरलाय, अजून थोडा धरतील."

आणि पळत जाऊन तिनं शांताक्कांच्या चुलीवर चहाचं आधण ठेवलं.