तिसरा दिवस

ऊन रंगाच्या हौदापर्यंत आलं, तरी झोसिमस बाजेवरून उठला नव्हता. मानेस रंगारी त्याच्या पायाकडे बघत उभा होता. घोटा सुजून कलिंगडासारखा झाला होता.

"बंधू, आज तिसरा दिवस."

"माहीत आहे."

प्रभूचा निरोप घेऊन हिंडणाऱ्याने एका घरी दोन दिवस राहावं, तिसऱ्या दिवशी राहिला तर तो भोंदू, असं गावातल्या ख्रिस्ती मंडळीनं ठरवलं होतं. आयतं जेवणारे फार झाले होते, म्हणून. झोसिमस आला त्या दिवशी त्यानं मानेसच्या अंथरुणाला खिळलेल्या आईला बाप्तिस्मा दिला. दुसऱ्या दिवशी ती गेली. तिला टेकडीवर पुरून उतरताना त्याचा पाय मुरगळला.

"तुम्ही राहिलात तर तुम्ही खोटे," मानेस म्हणाला. "आणि तुम्ही खोटे, तर आईच्या डोक्यावर ओतलं ते नुसतं पाणी. आता तिला पुन्हा कुठून आणू? तुम्हीच सांगा, काय धरायचं?"

"मी काय सांगू? खोटा असेन तर उत्तरही खोटंच निघायचं." झोसिमसनं कपाळ चोळलं. "नियम चांगला आहे रे. तीन गावांत मीच शिकवलाय."

"अहो, पाय टेकवत नाही त्यांना!" मानेसची बायको तातिया म्हणाली.

"म्हणून आईला बुडवू?"

कुंपणावरून शेजारीण दोमनाचं डोकं वर आलं. ती अजून जुन्या देवीला भजणारी. "सासूला खांदा दिला त्यालाच हाकलताय होय गं तातिया? तुमचा देव दिवस मोजत बसतो वाटतं! आणा माझ्याकडे. माझ्या देवीला मोजता येत नाही."

मानेस घुटमळला. दोमनाचं घर वेगळं, म्हणजे तिथे पहिला दिवस. पण गाव तेच. नियम घराचा की गावाचा? मंडळीत कुणी विचारलंच नव्हतं. आणि मूर्तीच्या घरात झोपलेल्यानं आईला दिलेला बाप्तिस्मा तरी कसा टिकणार?

शेवटी नवराबायकोनं बाज उचलली. उंबरा ओलांडला, चार पावलं गेले आणि थांबले. पुढे कुठे, ते दोघांनाही सुचेना. बाज रस्त्याच्या मधोमध टेकवली. लोकरीचं ओझं घेऊन निघालेलं गाढव तिला वळसा घालून गेलं.

"इथे चालेल," झोसिमस म्हणाला. चालेल की नाही, हे त्यालाही नक्की ठाऊक नसावं.

मानेस आत जाऊन दाराआडून बघत राहिला. दुपार झाली. तातिया भाकरी आणि ऑलिव्ह घेऊन आली. झोसिमसनं हात पुढे केला आणि मागे घेतला.

"ही कुणाच्या घरची, बाई?"

तातियानं आपल्या दाराकडे पाहिलं. मग दोमनाच्या.

"रस्त्यावरची," ती म्हणाली. "खा."