विहिरीची जागा

बारवी धरणाची उंची वाढली तेव्हा गाव पाण्याखाली गेलं आणि रघुनाथ लेकीला, अंजनीला घेऊन अंबरनाथला आले. त्यानंतर त्यांनी गावाचं नावही काढलं नाही. यंदा अंजनीने आठवेल तसं ते गाव कोलाजमध्ये उभं केलं. भिंतींना गोणपाट, शेतांना चहात भिजवून वाळवलेला कागद, विहिरीला निळ्या शाईत बुडवलेला कागद. दुसऱ्या दिवशी ते बदलापूरच्या प्रदर्शनात द्यायचं होतं. वडील चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. “विहीर चुकली,” म्हणत त्यांनी ओल्या डिंकावरून ती खरवडून काढली. शाई घरावर ओघळली. अंजनीने त्यांना अडवलं नाही. “मग कुठं होती, बाबा?” “आपल्या परसात. तुझी आई तिथंच भांडी घासायची.” त्यांनी विहीर घरामागे चिकटवली, बोटं लुंगीला पुसली आणि विचारलं, “कागद उरलाय का? शेजाऱ्यांची घरं राहिलीत.”