पुढे केलेलं प्यादं

बुद्धिबळात क्वीन्स गॅम्बिट खेळताना पांढरा आपलं एक प्यादं आमिष म्हणून पुढे करतो. काळ्यानं ते खाल्लं, की पटाच्या मध्यावरचा त्याचा ताबा सुटतो.

हे समजल्यापासून माझ्या बायकोनं, कमलानं, ते प्यादं कधीच खाल्लं नाही. "फुकटात कोनी काई देत नाई," म्हणायची.

उन्हाळ्यात जंगलात मोहफुलं वेचायला गेलेली कमला परतली नाही. मी रोज पट मांडतो. दोन्ही बाजूंनी मीच खेळतो. काही वाटत नाही.

आज पाणी पिऊन आलो, तर आमिषाचं प्यादं खाल्लेलं होतं.

मुलगी रिना पटाकडे बघत होती. "मी हात नाई लावला, बाबा. आई आली का?"

"तुही आई ते खात नाई," मी म्हणालो, आणि पुढची चाल केली.