आईची गोळी

“आईला गुण आला ती गोळी मुलीलाही लागू पडायला हवी,” बारामतीचे डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाले. “परदेशी पुस्तकातली मात्रा आपल्याकडे तशीच्या तशी चालत नाही. समाजासमाजात फरक, घराघरात फरक. म्हणून उदासीच्या आजारात मी आधी घरातलं माणूस बघतो. रक्त एकच ना!”

तानूबाईनं मान डोलावली. किल्लारीच्या भूकंपाच्या साली नवरा गेला, तेव्हा तिनंही असंच अंथरूण धरलं होतं आणि याच गोळीनं ती उठून कामाला लागली होती. सुकन्या मात्र दिवसेंदिवस खंगतच चालली होती. मात्रा वाढवली तसे पोरीचे हात थरथरू लागले, एवढाच काय तो फरक.

शेळगावात परतल्यावर ओट्याखाली रंगूबाई वाट बघत बसलेली. बौद्धवस्तीतली ही बाई दर बाजारच्या दिवशी हटकून यायची. तानूबाईनं तिच्यासाठी वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप वळचणीतून काढला आणि वरूनच त्यात चहा ओतला. लेक डोळ्यांदेखत चालली होती, पण बाईची शिवाशिव काही सुटत नव्हती.

“मलाबी आसंच झालं व्हतं,” रंगूबाई चाचरत म्हणाली. “माज्या ल्योकानं, सुयशनं पुण्याला न्हेलं. तितली गोळी निराळी. म्हयन्याभरात अन्न गोड लागाय लागलं. डॉक्टरला दावू का?”

“काय नगं!” तानूबाई कडाडली. “तुमचं रगत येगळं, आमचं येगळं. तुजी गोळी माज्या पोरीला कशी चालंल?”

रंगूबाईनं कप विसळून पालथा घातला आणि ती निघून गेली.

त्याच आठवड्यात सुकन्येला विहिरीच्या कठड्यावरून ओढून आणावं लागलं. तानूबाई तिला घेऊन पुन्हा बारामतीला निघाली. एसटीत पोरीला घट्ट धरून बसली, तरी पोर हातची जाणार ही धास्ती काही जाईना. न बोलावताच आलेली रंगूबाई मागच्या बाकावर बसून होती.

डॉक्टरांनी हात टेकले. “कळत नाही हो. सख्ख्या आईला लागू पडलेलं औषध...”

तानूबाई उठून बाहेर गेली. रंगूबाई बाकाच्या टोकाला अंग चोरून बसली होती. जन्मात पहिल्यांदा तानूबाईनं तिचा हात धरला, तिला आत आणलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “पोरीच्या आईला कुठली गोळी लागू पडली, ते हिला इचारा.”