पानांचा उजेड

चहाचा कप हातात घेतला तेव्हा इत्सुकोला दिसलं, की आतला हिरवा चहासुद्धा तांबूस झालाय. वर मोमिजीची, म्हणजे जपानी मेपलची, पानं शरदात इतकी दाट पेटली होती, की आभाळ असं उरलंच नव्हतं. बाकावरचं लाल कापड, देवळाकडं जाणाऱ्या दगडी पायऱ्या, त्या चढून धापा टाकणारी माणसं, सगळ्यांवर तोच रंग सांडला होता. शेजारी बसलेले निशिदा-सान सत्तरीला टेकले होते, पण पन्नाशीचे दिसत होते.

ही सगळी हातानो काकूंची करामत. एकट्या पडलेल्या उतारवयाच्या माणसांची लग्नं जमवण्यात ताकाओच्या डोंगरभागात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. बघण्याचा कार्यक्रम त्या नोव्हेंबरातच ठेवायच्या, आणि तोही या चहाच्या टपरीत. वसंतात फुलांखाली बसवलं तर माणसं पितात आणि नको ते खरं बोलून जातात, पानांखाली मात्र गप्प होतात आणि बरी दिसतात, असं त्यांचं मत होतं. आत्ता त्या पलीकडच्या बाकावर काडीला टोचलेले तांदळाचे गोळे खात होत्या आणि आपलं सगळं लक्ष पानांकडंच आहे असं दाखवत होत्या. खाली उतरल्यावर होय की नाही ते सांगायचं, एवढं त्यांनी इत्सुकोला बजावलं होतं.

निशिदा-सान बसबद्दल सांगत होते. या डोंगराच्या पायथ्याशी येणारी बस त्यांनी निवृत्त होईपर्यंत चालवली. दर शरदात गच्च भरलेली गाडी खाली आणून ओतायची आणि पुढच्या फेरीला लागायचं. वर येणं कधी झालंच नाही. यंदा रंग कसा चढलाय ते परतणाऱ्या उतारूंच्या चेहऱ्यांवरून ताडायचं. बोलता बोलता त्यांनी मान वर केली आणि तोंड तसंच उघडं राहिलं. इत्सुकोला ते आवडले. आवडले म्हणूनच ती बाकावर थोडी दूर सरकली.

मागच्या खेपेला ती इथं आली तेव्हा शेजारी नवरा होता. डॉक्टरांची विनवणी करून त्याला दवाखान्यातून आणलं होतं. पायऱ्यांवर तो पुन्हापुन्हा टेकत होता, पण या बाकावर बसला आणि गालांवर रंग आला. डोळे चमकायला लागले. तिच्या जिवात जीव आला. हा बरा होतोय, असं तिनं लेकीला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, त्यालाही सांगितलं. वसंतात समुद्रावर जायचं ठरवून टाकलं. तो हसून मान डोलवत राहिला आणि बर्फ पडायच्या आत गेला. निरोप घ्यायचे दिवस तिनं समुद्राचे बेत करण्यात घालवले होते. पानांनी आपल्याला फसवलं, हा राग तिच्या मनातून अजून गेला नव्हता.

वारा सुटला. वरची पानं हलली तशा निशिदा-सानांच्या चेहऱ्यावरून लाल सावल्या सरकत गेल्या. तोच रंग, तीच चमक. शेजारी कोण बसलंय ते तिला क्षणभर कळेना. समुद्राची गाज ऐकू आल्यासारखी झाली. हाक मारायला तिनं तोंड उघडलं, पण कुठल्या नावानं मारायची ते सुचेना. तिनं बाकाची कड घट्ट धरली.

"तुम्ही फार छान दिसताय इथं," निशिदा-सान हळूच म्हणाले.

"इथं सगळेच छान दिसतात." इत्सुको उठली. "चला, खाली जाऊ."

"आत्ताच? देऊळ राहिलं की."

"देऊळ कुठं जात नाही. मला तुम्हाला खाली बघायचंय."

हातानो काकूंच्या हातातली काडी हातातच राहिली. ऊन आत्ता कुठं पानांवर येतंय, असं काहीतरी त्या पुटपुटल्या, पण ही दोघं ऐकायला थांबली नाहीत. पायऱ्या उतरताना लाल विरळ होत गेलं, मग पिवळं आलं, मग तेही सरलं. बसथांब्यावर उंच देवदारांची सावली होती. तिथला उजेड राखाडी होता आणि गारठा जास्त होता.

तिनं त्यांना टोपी काढायला सांगितली. त्यांनी काढली. डोळ्यांखाली पिशव्या होत्या, गालांवर वयाचे डाग होते, हनुवटीखाली दाढीचे चार केस सकाळच्या घाईत राहून गेले होते. पन्नाशी कुठल्या कुठं पळाली होती. दवाखान्यात बघून बघून शिकली होती तसं तिनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, ओठांचा रंग पाहिला. परवान्यासाठी तब्येत तपासून घ्यायला उभं राहावं तसे ते मुकाट्यानं उभे राहिले.

काय शोधताय, असं त्यांनी शेवटी विचारलं. तिनं नवऱ्याचं सांगितलं, थोडक्यात. गाल, डोळे, समुद्र.

तेवढ्यात काकू धापा टाकत येऊन पोचल्या. "काय गं, मग? काय समजू मी?"

इत्सुकोनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"पानं गळली की या," ती निशिदा-सानांना म्हणाली. "डिसेंबरात. घरी, सकाळच्या वेळी."

निशिदा-सानांनी टोपी हातातल्या हातात फिरवली.

"डिसेंबरात मला सर्दी असते," ते म्हणाले. "नाक सारखं गळत असतं. बघण्यासारखा नसतो मी."

"तेच बघायचंय," इत्सुको म्हणाली.