चिटणीसांची उत्तरं

धोंडिराम राऊळ सकाळपासून शिव्यांना उत्तरं लिहीत बसले होते. एकेका शिवीला एक उत्तर, आणि तेही प्रत्येकाला वेगळं. भांडुपच्या एका कबड्डी मंडळाचं चिटणीसपद त्यांनी अठ्ठावीस वर्षं सांभाळलं होतं. आलेल्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, ही तिथली सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

शिव्या होत्या त्यांच्या मुलाला. सुशांत व्यावसायिक लीगमधल्या गेल्या मोसमातल्या विजेत्या संघाचा चढाईपटू. या संघाने समोरच्यांचे इशारे चोरून सामने जिंकले, अशी बातमी काल फुटली आणि त्याला डोक्यावर घेऊन नाचणारे लोकच त्याच्या फोटोखाली चोर, लबाड, थोबाड दाखवू नकोस, असं लिहायला लागले. धोंडिराम कुणावरही चिडले नाहीत. ‘आपला राग समजू शकतो,’ ते लिहीत, ‘परंतु सुशांत आमच्या मंडळात घडलेला आहे. समोरच्या चढाईपटूचं नुसतं बोट अंगाला लागलं तरी पंचांच्या शिट्टीआधी तो स्वतः हात वर करून बाहेर जातो. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.’ खाली पूर्ण नाव, त्याखाली ‘सुशांतचे वडील’, मग इमारत, मजला, खोली क्रमांक, भांडुप पश्चिम. बिनपत्त्याचं पत्र त्यांनी आयुष्यात कुणाला धाडलं नव्हतं.

उत्तराखाली लगेच पिवळे हसरे चेहरे येत, डोळ्यांतून पाणी काढून हसणारे. एका उत्तराला तर चारशे आले.

“बघ, निवळली माणसं,” ते बायकोला म्हणाले. प्रेमाला मोबाईलमधलं फार कळत नव्हतं, पण चारशे माणसं एवढ्यात निवळत नसतात, इतपत कळत होतं.

दुपारी सुशांत आला. डोळ्यांपर्यंत टोपी, तोंडाला मास्क. आल्या आल्या त्याने दार आतून लावून घेतलं. अंधेरीला वकिलांबरोबर संघाची बैठक होती, तिथून तो रिक्षाने थेट घरी आला होता. वाटेत त्याने बापाची उत्तरं पाहिली होती. लोक त्या उत्तरांचे फोटो काढून एकमेकांना पाठवत होते, वर ‘चोराच्या बापाचा अर्ज’ असं लिहून. हे त्याला घरात सांगवेना.

“बाबा, लिहायचं थांबवा आता.”

अजून पुष्कळ राहिलेत, धोंडिराम म्हणाले. आणि आपण गप्प बसलो तर लोकांना ते खरंच वाटायचं.

“खरंच आहे ते,” सुशांत म्हणाला.

प्रेमाने गॅस बंद केला. मग सुशांतने सगळं सांगितलं, खाली मान घालून. समोरच्या संघातला कोपऱ्यातला गडी पाठीमागे हात नेऊन बोटं दाखवतो. पकड कधी करायची, ते त्यावरून बाकीच्यांना कळतं. चढाई करणाऱ्याला ती बोटं दिसत नाहीत, पण त्या गड्यांच्या मागे प्रेक्षकांत बसलेल्याला दिसतात. तिथे सुशांतच्या संघाने आपला एक माणूस बसवला होता. त्याने टोपी काढली की घुसायचं, घातली की पळायचं. अख्खा मोसम हेच चाललं होतं.

धोंडिरामांनी मोबाईल मांडीवर उपडा ठेवला. “तुला तर नुसत्या पायांवरून कळायचं रे, कोण अंगावर येणार ते.”

“आधी कळायचं. मग टोपीकडेच बघायची सवय लागली. आता नाही कळत, बाबा.”

धोंडिरामांना फार वाईट वाटलं. राग यायला हवा होता, पण तो काही आला नाही. वकिलांनी सगळ्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. गप्प राहिलं तर एखाद्या मोसमाची बंदी, कबूल केलं तर खेळ कायमचा संपला. सुशांत तिथे मान डोलावून आला होता. तो हात पुढे करून म्हणाला, “द्या इकडे, तुमची सगळी उत्तरं पुसून टाकतो.”

धोंडिरामांनी मोबाईल दिला नाही. सकाळचं पहिलं उत्तर त्यांनी शोधून काढलं, जोगेश्वरीच्या कुणा मुलाला लिहिलेलं. त्याच्याखाली एका बोटाने सावकाश लिहिलं, ‘आपलं म्हणणं बरोबर होतं. मी चुकीची माहिती दिली. क्षमा असावी.’ खाली पुन्हा पूर्ण नाव, ‘सुशांतचे वडील’ आणि पत्ता. मग ते दुसऱ्या उत्तराकडे वळले.

“तुम्ही कशाला माफी मागताय?” सुशांतचा आवाज फुटला. “तुमचं काय चुकलं?”

“डोळ्यांनी पाहिलंय, असं लिवून बसलोय मी. त्रेपन्न जणांना.”

“मग द्या, मी लिहितो त्यांना.”

“ही माझी आहेत. तुझं तू लिही.”

प्रेमाने ताट वाढून आणलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं. सुशांतने भाताला हात लावला नाही. त्याने टोपी काढली, खिशातला मोबाईल काढला आणि बापाच्या शेजारी भिंतीला टेकून बसला. त्याच्या फोटोखाली अकरा हजार माणसं बोलत होती. मध्येच वकिलांचा फोन आला, तो त्याने वाजू दिला. वाजायचा थांबल्यावरही तो कोऱ्या चौकटीकडे बघत राहिला, अंगठा अधांतरी धरून.

“बाबा, सुरुवात कशी करू?”

धोंडिराम सातव्या पत्रावर होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आधी नमस्कार लिही.”